दारात जग येतं, तरी पाय बाहेर का ओढतात?

गालजीबाग

ऑक्टोबर ते मे या काळात दक्षिण गोव्यातल्या आमच्या काणकोणात घर पुरतं आपलं नसतं. आगोंदला आमच्या माडांच्या भाटात पाहुण्यांसाठी बांधलेल्या काही खोल्या आहेत. वडिलांनी सुरू केल्या, आता मी नि बायको बघतो. रशियन येतात, जर्मन येतात, एक इंग्रज जोडपं वर्षानुवर्षं त्याच खोलीत उतरतं, मुंबई-पुण्याची कुटुंबं असतात, हल्ली बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन महिनाभर राहणारी पोरंही. यातला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, "तुम्ही तर गोव्यातच राहता, मग सुट्टीला कुठे जाता?" विचारणारा सहज विचारतो, पण मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जिथे यायला लोक पैसे साठवतात तिथे जन्मलेल्या माणसाला दुसरीकडे जावंसं का वाटावं? वाटतं हे तर नक्की. माझ्या ओळखीतला एकही गोवेकर घर धरून बसलेला नाही. कोणी बोटीवर, कोणी आखातात, कोणी लंडनला, कोणी पंढरीच्या वाटेवर.

मे संपला की किनाऱ्यावरच्या शॅक मोडतात. झापं, बांबू, फळ्या घरामागे रचल्या जातात, समुद्र खवळतो आणि आम्ही मोकळे होतो. त्यामुळे माझी सगळी भटकंती पावसाळ्यातली. पावसाळ्यात फिरायचं तर पाऊस पोचत नाही तिथे जावं लागतं, म्हणून हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला, लडाखला, स्पितीला जाण्याचा नाद लागला. त्यातलं स्पिती मनातून जात नाही.

मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडली की झाडं संपतात. खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. पुढे काझा, आणि काझाच्या वर लांगझा नावाचं छोटं गाव. गावाच्या माथ्यावर बुद्धाची मोठी मूर्ती, समोर चाऊ चाऊ कांग निल्दाचं बर्फाळ शिखर. तिथे एका घरी राहिलो होतो. घरातल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. हिंदी तुटकं, नातू मध्ये बसून सांगायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोनाड्यातून एक काळा गोटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. जड होता. उलटा केला तर आत वेटोळं घातलेला शंख! वेटोळ्यावरची प्रत्येक रेघ बोटाला लागत होती.

भारताचा भूखंड उत्तरेला सरकत आशियाला जाऊन भिडला, त्याआधी या दोघांच्या मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. टक्कर सुरू झाली सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. समुद्राचा तळ वर उचलला गेला, त्यातले जीव दगड होऊन डोंगरावर चढले. स्पितीतले हे अमोनाइट, म्हणजे शंखासारख्या कवचाचे समुद्री जीव, जुरासिक काळातले. आमच्या देवघरात पणजोबांपासून शाळिग्राम आहे. तो गंडकीच्या पात्रातला, पण आत असतो तो याच जातीचा जीव. सोवळ्यात ज्याला हात लावायचा, रोज तुळशीपत्र वाहायचं, तो समुद्रातून निघून हिमालयात गेलेला, आणि तिथून कोणा यात्रेकरूच्या झोळीतून परत समुद्राकाठी काणकोणला आलेला! मी तिथे बसून हे सगळं मनात जुळवत होतो, आणि आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गोटा त्यांच्या हातात परत दिला. ते दगड तिथून उचलून न्यायचे नसतात, नि त्या घरात तो शोभतो.

पण मला सांगायचंय ते पुढचं. ऑगस्टात स्पितीत मटार तोडायला येतो. त्यांचं वर्षाचं नगद पीक तेच. आजींनी आम्हाला चहा दिला आणि सरळ शेताकडे निघाल्या. मी ते ओळखलं. सीझनला माझी आईसुद्धा पाहुण्यांना न्याहारी देऊन अशीच मागच्या दाराने भाटात जाते, कारण नारळ पाडायला आलेला माणूस थांबत नाही. पाहुणा कितीही चांगला असला तरी घरातली कामं त्याच्यासाठी थांबत नसतात, आणि त्याने ती थांबवूही नयेत. मी विचारून त्यांच्याबरोबर शेतात गेलो, दुपारपर्यंत शेंगा तोडल्या. आम्ही फारसं बोललो नाही, बोलायला भाषाच नव्हती. ज्यांच्या दारात जग येतं त्या माणसांनी जगाच्या दारात जावंच, असं मला तेव्हापासून वाटतं. कारण दुसऱ्याच्या अंगणात कसं उभं राहायचं हे आपल्याला आतून कळलेलं असतं, ते वापरलं नाही तर फुकट.

तर लिहा मंडळी. देशातला असो, परदेशातला असो, शेजारच्या तालुक्यातला असो, कुठला प्रवास तुमच्यात राहून गेला? हॉटेलांच्या याद्या नकोत. काय दिसलं ते लिहा.


कुशावती

सुंदर लिहिलंय भाऊ. शाळिग्रामाचं वाचून देवघरात जाऊन आमचाही हातात घेऊन बघितला.

एक मात्र मनापासून सांगते. आपले लोक लडाखला जातात, बालीला जातात, आणि केपें-रिवणच्या पुढे कधी गेलेले नसतात. आमच्या उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर खोदलेली चित्रं आहेत. बैल, हरणं, मोर, बाईची आकृती आणि वर्तुळात वर्तुळ गुंफलेला मोठा चक्रव्यूह. हजारो वर्षांपूर्वीची. १९९३ साली पुरातत्त्ववाल्यांनी त्यांची नोंद घेतली, पण गावच्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होती. पावसात नदी गाळ आणून सगळं झाकते, पावसाळ्यानंतर तो काढावा लागतो.

उन्हं डोक्यावर असताना गेलात तर काही दिसत नाही. कातळ नुसता तांबूस-काळा. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना जा, तिरप्या उजेडात रेघा दिसायला लागतात. राखण करणारा माणूस असला तर तो कातळावर पाणी शिंपडतो. पाणी रेघेतून धावत जातं आणि बैलाचं शिंग, मग वशिंड, मग पाठ असं एकेक उमटत जातं. मी माहेरी गेले की अजून जाते. दरवेळी एखादी आकृती नवीन सापडते, जी आधी बघितलेली नसते.

भटकंतीची ओढ अंतरावर अवलंबून नसते असं माझं ठाम मत आहे. तांबडी सुर्लाचं कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी, हरवळ्याची लेणी हे ज्याने नीट पाहिलं नाही, त्याने आधी इथूनच सुरुवात करावी.


जुना धक्का

मी या धाग्यावरचा बहुधा सर्वांत वयस्क. मला लहानपणी 'दुसरा देश' बघायला फार लांब जावं लागलं नाही. माझी मावशी सावंतवाडीला, आणि आम्ही पोर्तुगीज राजवटीतल्या पेडण्यात. १९५५ नंतर हिंदुस्थानची नाकेबंदी आवळत गेली, सीमेवरच्या कॅसलरॉकवरून हिंदुस्थानात जाणारी गाडीही थांबली, आणि मावशीकडे चवथीला जायचं म्हणजे परवान्याची गोष्ट झाली. आई ओट्यावर बसून म्हणायची, "तिकडचो डोंगर दिसता, भयण (बहीण) दिसना." हे ज्यांनी सोसलं नाही त्यांना सीमा म्हणजे काय ते नुसत्या नकाशावरून कळणार नाही.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला, आणि पुढे काही वर्षांनी मी शिकायला मुंबईला गेलो, आगबोटीने. पणजीच्या धक्क्यावर सगळा गाव पोचवायला आल्यासारखी गर्दी. डेकवर ज्याने त्याने चटई अंथरून जागा धरायची, वळकटी उशाला, डब्यात पोळ्या आणि सुक्या बांगड्याची किसमूर. मालवणला, विजयदुर्गाला बोट काठाला लागत नसे. लांब उभी राहायची आणि पडावांतून माणसं यायची. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी बाईमाणसाला दंडाला धरून एका झटक्यात बोटीवर घ्यायचा. एका आजीने आधी आपली कोंबडी वर दिली, मग स्वतः आली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊचा धक्का. जगात आपण निघालो आहोत ही जाणीव त्या एका रात्रीत मला झाली. पुढे विमानांतून फिरलो, तशी पुन्हा झाली नाही.

परदेशाबद्दल लिहायचं तर लिस्बनचं लिहितो. मुलगी तिकडे असते. बेलेंच्या जेरोनिमुस मठात वास्को द गामाची कबर आहे. दगडी सिंहांच्या पाठीवर पेटी, वर तो हात जोडून निजलेला, बाजूला जहाज कोरलेलं. मी त्याआधी कोचीनच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये कठड्यातला तो साधा दगडही पाहिला होता. १५२४ मध्ये तो कोचीनला वारला, तिथे पुरला गेला, आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. दोन्ही जागी उभा राहिलेला मी, ज्याला शाळेत त्याच्या नावाचे धडे पाठ करायला लावले होते. राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. पण भक्तिभावाने फोटो काढणाऱ्यांच्या रांगेतही मी उभा राहिलो नाही.

त्याहून जास्त लक्षात राहिली ती लिस्बनच्या लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात भेटलेली एक वृद्ध गुजराती बाई. जन्म दीवचा. लग्न होऊन मोझांबिकला गेली, तिथे नवऱ्याचं दुकान. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाला आणि हे कुटुंब लिस्बनला आलं. ती माझ्याशी पोर्तुगीजमध्ये बोलली, मी पोर्तुगीजमध्ये उत्तर दिलं. दोघेही हिंदू, दोघेही भारतात जन्मलेले, आणि दोघांना जोडणारी भाषा ती. तिने हातावर साखरफुटाणे ठेवले आणि विचारलं, दीवला कधी गेला आहात का? मी नव्हतो गेलो. परत आल्यावर पहिला प्रवास दीवचा केला. तिथे किल्ल्याच्या तटावरून समुद्र बघताना तिच्यासाठी फोटो काढले आणि मुलीमार्फत पोचवले.


गालजीबाग

काका, हे वाचून थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही. तुमची आई ओट्यावर बसून जे म्हणायची ते मी बायकोला वाचून दाखवलं. आगबोटीवर अजून लिहा, वेगळा धागा काढून लिहा. आमच्या पिढीने ती पाहिलीच नाही.

कुशावतीताई, उसगाळीमळला शाळेच्या सहलीत गेलो होतो, पाणी शिंपडून कोणी दाखवलं नव्हतं. दिवाळीआधी जाणार.


सावईचा पाट

मस्कतहून लिहितोय. मूळचा सावई-वेऱ्याचा, घरी पोफळीचं कुळागर.

नोकरीला आलो तेव्हा ओमान म्हणजे वाळू असं डोक्यात होतं. बंदराकाठच्या जुन्या मस्कतला गेलो तर समोर दोन किल्ले, जलाली आणि मिरानी. १५८० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधून घेतलेले. १६५० मध्ये ओमानी लोकांनी त्यांना मस्कतमधून हाकललं, म्हणजे आमच्यापेक्षा तीनशे वर्षांहून अधिक आधी! मांडवीच्या मुखावरचा आग्वाद किल्ला बघत वाढलेल्या माणसाला ते तट ओळखीचे वाटतात. महाशिवरात्रीला इथल्या मोतीश्वर मंदिरात आपल्याकडच्यासारखीच रांग लागते, त्यातही मराठी, कोकणी, कानडी सगळं कानावर पडतं.

पण मला हलवून गेलं ते मिस्फात अल अब्रियीन हे डोंगरातलं गाव. मातीची घरं कड्यावर एकावर एक, आणि खाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली बाग. वर खजूर, त्याच्या सावलीत केळी, लिंबं, डाळिंबं, त्याखाली जनावरांचं गवत. आमच्या कुळागरात वर माड-पोफळी, खोडाला मिरी चढवलेली, मध्ये केळी, खाली अननस. झाडं वेगळी, पण रीत तीच, एकाच्या सावलीत दुसऱ्याने जगायचं. आणि या सगळ्याला पाणी येतं ते फलजमधून. डोंगराच्या पोटातला झरा पकडून दगडी पाटाने गावभर फिरवलेला. कोणाला किती वेळ पाणी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. दिवसा उभ्या काठीच्या सावलीवरून मोजायचं, रात्री ताऱ्यांवरून. घड्याळं आली तरी काही गावांतून ही रीत माहीत असलेले म्हातारे आहेत. ओमानच्या ५ फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं.

मी पाटाच्या कडेला बसलो होतो. एक गावकरी आला, त्याने फडक्यात गुंडाळलेला दगड एका फाट्याच्या तोंडातून काढला आणि दुसऱ्यात बसवला. पाणी वळलं. माझे आजोबा नेमकं हेच करायचे, केळीच्या गब्याचा तुकडा नि चिखल लावून. मी हाताने खूण करून त्याला सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडेही असंच आहे. त्याने मला उठवून दुसऱ्या फाट्याशी नेलं आणि पुढचा दगड मला बसवायला दिला.

त्या गावाच्या वेशीवर पाटी आहे, अंगभर कपडे घाला, लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काही पर्यटकांना ती आवडत नाही. मला ती पाटी योग्य वाटते. आमच्या सावईच्या देवळाच्या तळीवर कोणी आंघोळीच्या कपड्यांत फोटो काढत उभं राहिलं की आई किती वेळ अस्वस्थ असते ते मी पाहिलंय.

घरी आलो की आता आधी पाट साफ करतो. पूर्वी हे काम टाळायचो नाही, पण त्यात काही बघायचोही नाही.


आबोली

वाखूसा (वाचनखूण साठवली). फलजचं वाचून बाबांना फोन केला, तेही दुबईत होते कितीक वर्षं, पण असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. सुट्टीच मिळायची नाही त्यांना.


दिवाडकर बोट

नदीतल्या बेटावर राहणाऱ्याला दुसरं बेट बघायची हौस असते. मी दिवाडीचा. फेरीबोटीशिवाय आमचं पान हलत नाही. शाळा, बाजार, लग्नाची वरात, सगळं जुन्या गोव्याच्या नाहीतर रायबंदरच्या धक्क्यावरून.

म्हणून आसामात माजुलीला गेलो. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरी सुटते. आमच्या मांडवीत फेरी निघाली की पलीकडचा धक्का समोरच असतो. ब्रह्मपुत्रेत निघाल्यावर बराच वेळ पलीकडचा काठच दिसला नाही. फळ्यांवरून मोटारी चढवतात, छपरावर मोटारसायकली, आणि माणसं जिथे जागा मिळेल तिथे. माजुलीतली शंकरदेवांच्या परंपरेतली सत्रं म्हणजे वैष्णव मठ. नाच, गाणं, नाटक ही तिथली उपासनाच. सामागुरी सत्रात मुखवटे करतात. बांबूचा सांगाडा, त्यावर मातीत बुडवलेलं कापड, मग माती नि शेणाचा थर, मग रंग. करणाऱ्याने एक मुखवटा माझ्या डोक्यावर चढवला आणि जबड्याची दोरी हातात दिली. राक्षसाचा जबडा माझ्या बोलण्याबरोबर उघडायला लागला. आमच्याकडच्या दशावतारी काल्यात संकासुर येतो तेव्हा पोरं जशी आईच्या पदरात शिरतात, तशी तिथली दोन पोरं पळाली.

आनंदाबरोबर काळजीही घेऊन आलो. ब्रह्मपुत्रा दर पावसाळ्यात माजुली खाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होतं त्याच्या निम्म्यानेही बेट आता उरलेलं नाही. ज्यांच्या घरी राहिलो ते मिसिंग लोक, खांबांवर उभारलेलं घर. घरमालकाने नदीच्या मधोमध बोट दाखवून सांगितलं, आमची आधीची शेती तिथे होती. दिवाडीला खाजनाचे, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतांचे, बांध फुटले की आम्ही किती आरडाओरड करतो, आणि ते करायलाच हवं. पण त्या माणसाला बांधायला बांधच नव्हता.


पाऊलवाट

इथे सगळे विमानाने, गाडीने, बोटीने गेलेत. मी चालत गेले. सासूबाईंबरोबर, आमच्या वाळपईकडच्या दिंडीतून आषाढीला पंढरपूरला. त्या आधीपासून जायच्या. गुडघे दुखायला लागले तेव्हा म्हणाल्या, "या वर्षी तू चल, मला हाताला धरायला." म्हणून निघाले. देवभोळी मी नाही फार.

चोर्ला घाट चढेपर्यंत गोव्याचा पाऊस पाठ सोडत नाही. प्लास्टिकचा कागद अंगावर, आत घाम, बाहेर पाणी, जळवा वेगळ्याच. बेळगाव मागे पडलं की पाऊस हळूहळू विरळ होतो. मिरजेच्या पुढे तर आकाश उघडं. सांगोल्याकडे पोचेपर्यंत पायाखाली धूळ, दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा. एकाच महिन्यात, एकाच चालीत पाऊस कसा संपतो हे मी शाळेत भूगोलात शिकले होते. पर्जन्यछाया हा शब्द पाठ होता. चालत गेल्यावर तो पायांना कळला.

रात्री गावोगावी लोकांच्या पडवीत, शाळेत, देवळात. सांगोल्याच्या अलीकडे एका घरी उतरलो. त्या घरात पाण्याचा टँकर येत होता. मोजून घागरी. तरी घरातल्या सुनेने घंगाळ आणून सासूबाईंचे पाय धुतले. मी नको नको म्हणत होते, एवढं पाणी! ती म्हणाली, "वारकऱ्याच्या पायाला पाणी कमी पडलं तर विहिरीला कसं येईल?" मग तव्यावरची ज्वारीची भाकरी, पिठलं, कच्चा कांदा. आम्ही भात खाणारी माणसं, भाकरी थापायला येत नाही. मी तिच्या शेजारी बसून शिकायचा प्रयत्न केला, परातीतच मोडली. तिने मोडलेल्या पिठाचा पुन्हा गोळा केला आणि माझा हात धरून फिरवला.

आमच्या घरी उन्हाळ्यातही विहीर आटत नाही. त्या पाण्याचा हिशोब मला त्या घरात कळला. आता चवथीला घरात माणसांचा राबता असतो तेव्हा नळ वाहता सोडलेला मला दिसला की मी बोलते. पोरांना वाटतं आई चिडचिड करते. करू दे वाटायला.

सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. दिंडीतल्या बायका अजून मला त्यांची सून म्हणूनच ओळखतात आणि पुढे बोलावतात.


जुनी पेटी

पाऊलवाटताई, नमस्कार तुम्हाला.

चालत निघालेल्या गोवेकरांचा विषय निघालाच आहे तर धर्मानंद कोसंबींची आठवण काढायला हवी. जन्म १८७६, साखवाळ गावचे. घरची नारळांची बागायत, लग्न झालेलं, शाळेचं शिक्षण बेताचं. १८९७ साली 'बालबोधमेवा' या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचं छोटं चरित्र वाचलं. तेवढ्यावरून १८९९ मध्ये घर सोडलं. पुण्यात संस्कृत, मग ग्वाल्हेर, काशीत अन्नछत्रात जेवून अध्ययन, मग नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपात जाऊन प्रव्रज्या, म्हणजे बौद्ध भिक्षूची दीक्षा. तिथून ब्रह्मदेश. बराचसा प्रवास पैशाशिवाय. पुढे हार्वर्डला गेले, लेनिनग्राडलाही शिकवलं. १९४७ साली सेवाग्रामला देह ठेवला. त्यांचं आत्मचरित्र 'निवेदन' मराठीतच आहे, प्रत्येक गोवेकराने वाचावं.

एक गोष्ट मला नेहमी खटकते आणि ती इथे बोलून टाकतो. ते निघाले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी मागे राहिल्या. कोसंबी मोठे होते याबद्दल शंका नाही, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण भटक्याचं कौतुक करताना मागे ज्याने घर धरून ठेवलं त्याचं नावही घ्यावं. आमच्या गावात आजही बोटीवर गेलेल्या तारवटीची बायको एकटीने शेत, सासू-सासरे आणि पोरांच्या शाळा बघते. जग बघतो तो, आणि त्याला जग बघू देते ती.


मोगरी

जुनी पेटी, तुमचा शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. म्हणून मी पहिल्यांदाच इथे लिहितेय.

आमचे बाबा बोटीवर होते. घरात सगळ्या जगातल्या वस्तू आहेत, आणि आईने गोकर्ण, नरसोबाची वाडी आणि कोल्हापूर यापलीकडे काही बघितलेलं नाही. तुम्ही सगळे छान लिहिताय, पण इतकं फिरायला पैसा लागतो, घरात दुसरं कोणी करणारं माणूस लागतं. हेही कोणीतरी लिहायला हवं होतं.

आता भाऊ घरी असतो, बाबा निवृत्त झालेत. आईला विचारलं कुठे जाऊया, मला वाटलं काशी म्हणेल. ती म्हणाली, हंपी. का, तर कीर्तनात तिने ऐकलंय की पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरच्या राजाने तिथे नेला होता आणि संत भानुदासांनी तो परत आणला. आमचं कुलदैवत मंगेश. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा १५६० च्या सुमारास कुडथाळहून रातोरात नदी ओलांडून देवाला प्रियोळला आणलं, ही गोष्ट आम्ही तिच्याकडूनच ऐकलेली. ती म्हणते, आपल्या देवाला घर सोडावं लागलं, विठ्ठलालाही लागलं, तो जिथे राहून आला ती जागा मला बघायची आहे. पेडण्याहून कसं जावं? तिला फार चालवत नाही.


रुळांवरून

मोगरी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. हे कारण ऐकून मीच तिकिटं काढून द्यावीत असं वाटलं.

वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस घ्या. रोज नसते, वार आधी बघून घे. ती कोकण रेल्वेवरून जात नाही, त्यामुळे थिवीहून मिळणार नाही, मडगावला चढा. कुळ्यानंतर घाट लागतो, ३७ फुटांना १ फूट असा चढ, म्हणून ढकलायला जादा इंजिनं लावतात आणि गाडी अगदी सावकाश कॅसलरॉकला चढते. दूधसागर त्याच वाटेवर, ३१० मीटर उंचीचा. आईला खिडकीची जागा दे. पुढे लोंढा, हुबळी, गदग आणि होसपेट. होसपेटहून हंपी १३ किलोमीटर, रिक्षा मिळतात.

विठ्ठल मंदिरापर्यंत गाड्या सोडत नाहीत, पण वाहनतळापासून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, तेव्हा चालण्याची काळजी नको. ५० रुपयांच्या नोटेवर जो दगडी रथ आहे तो तिथेच अंगणात. गाभाऱ्यात आता मूर्ती नाही हे आईला आधी सांगून ठेव, कारण काही लोक आशेने जातात आणि हिरमुसतात. पूजा चालू असलेलं मोठं देऊळ विरूपाक्षाचं, तिथे तिला दर्शन मिळेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. मार्चनंतर ते दगड असे तापतात की अनवाणी पाऊल ठेववत नाही.


मोगरी

आईला सगळं वाचून दाखवलं. मूर्ती नाही हे ऐकून म्हणाली, "ठाऊक आहे गो, भानुदासांनी आणली ना!" डिसेंबरात जायचं ठरलं. बाबाही येतो म्हणतात. तिघांची तिकिटं बघते.


पाऊलवाट

मोगरी, तुझी हरकत नसेल तर मीही येईन. सासूबाईंनी मला तीच भानुदासांची गोष्ट सांगोल्याच्या वाटेवर सांगितली होती. मडगावला गाडीत भेटू. तुझ्या आईला हाताला धरायला माणूस होईल. जेवणाचा डबा माझ्याकडून.